वाचकांचे प्रश्न : कम्पाइल झालं, लिंकरवर अडलं

प्रश्न : आमच्या सरांनी २०१२ साली लिहिलेला सी प्रोग्रॅम नव्या उबुंटूवर सोर्सवरून बांधतो आहे. सगळ्या फाइली कम्पाइल होतात आणि अगदी शेवटी, कम्पाइल झालेल्या फाइली जोडून एक प्रोग्रॅम करणाऱ्या लिंकरकडून (‘एलडी’), ‘एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस’ येतं. त्याच्या वर ‘मल्टिपल डेफिनिशन ऑफ डीबग_लेव्हल’ दहा-बारा वेळा आहे. कोडला हात लावलेला नाही, मग बिघडलं काय? शिवाय दुसऱ्या एका प्रोग्रॅममध्ये ‘-एलएम’ (गणिताची लायब्ररी जोडण्याचा पर्याय) देऊनही ‘एसक्यूआरटी’ हे वर्गमूळाचं फंक्शन सापडत नाही.
— एक वाचक, सातारा

उत्तर : वरच्या ओळीही पाठवल्यात, फार बरं केलंत. बहुतेक जण शेवटची तेवढी पाठवतात आणि तिच्यात ‘जमलं नाही’ यापलीकडे काही नसतं.

कोड होता तसाच आहे, कम्पाइलरचा नियम बदलला. हेडर फाइल (अनेक सी फाइलींत इन्क्लूड होणारी सामाईक फाइल) उघडा. तिथे ‘इंट डीबग_लेव्हल;’ अशी ओळ सापडेल. ते हेडर जिथे जिथे इन्क्लूड होतं, त्या प्रत्येक सी फाइलीत हा व्हेरिएबल वेगळा तयार होतो. पूर्वी जीसीसी हा सी कम्पाइलर सुरुवातीची किंमत न दिलेले असे व्हेरिएबल ‘कॉमन’ म्हणून ठेवायचा आणि लिंकर त्या सगळ्यांचा मिळून एक करायचा. २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० पासून ही सवलत आपोआप मिळत नाही.

मला हा बदल मनापासून पटला. माझ्याकडच्या एका जुन्या प्रोग्रॅमच्या एका फाइलीत ‘इंट टोटल’ होतं, दुसरीत ‘डबल टोटल’. दोन्ही फाइली एकाच जागेवर लिहीत होत्या. बेरजा चुकायच्या, एरर मात्र एकही नाही. कितीतरी संध्याकाळी मी बेरजेचं सूत्रच तपासत बसलो होतो. नव्या जीसीसीवर बांधायला घेतलं आणि पहिल्याच फटक्यात चूक समोर आली.

तुम्ही हेडरमधल्या त्या ओळीआधी ‘एक्स्टर्न’ (म्हणजे ‘हा व्हेरिएबल दुसरीकडे तयार झालाय’) लिहा आणि मूळची ओळ कुठल्या तरी एकाच सी फाइलीत ठेवा. आजच चालवून बघायचं असेल, तर मेकफाइलमधल्या (प्रोग्रॅम बांधायच्या सूचनांच्या फाइलीतल्या) ‘सीफ्लॅग्ज’ या कम्पाइलरच्या पर्यायांच्या ओळीच्या शेवटी ‘-एफकॉमन’ जोडा. पण एरर लिंकरची असली तरी हा पर्याय कम्पाइलरचा आहे. म्हणून आधी ‘मेक क्लीन’ करा, नाहीतर आधीच कम्पाइल झालेल्या जुन्याच ऑब्जेक्ट फाइली जोडल्या जातील आणि तीच एरर पुन्हा येईल.

राहिलं ‘एसक्यूआरटी’. ‘-एलएम’ फाइलींच्या नावांनंतर लिहा. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो. लायब्ररी आधी आली, तर तोवर तिच्यातलं काही कुणी मागितलेलंच नसतं, आणि तो तिला सोडून पुढे जातो.