कडक उन्हाळ्यात घरच्या बागेसाठी टोमॅटोचं कोणतं वाण लावावं?

तुम्ही लिहिलंय की दिवसा पारा ३८ च्या वर जातो, रोपं कमरेएवढी हिरवीगार झालीत, फुलंही येतात, पण फळ एकही धरत नाही. तर वाण बदलावं का? बदला. पण त्याआधी रात्रीचं तापमान बघा.

फुलाच्या देठावर मध्येच एक छोटी गाठ असते. ती पिवळी पडली की एक-दोन दिवसांत फूल नेमकं तिथूनच तुटतं. पहिले दोन उन्हाळे मी ही फूलगळ रोज बघत होतो आणि खत कमी पडतंय असं समजून आणखी खत घालत होतो. त्यानं फक्त पाला माजला. दिवसा साधारण ३२ ते ३५ अंशांच्या आणि रात्री २१ ते २४ च्या वर तापमान राहिलं की टोमॅटोचे पराग निकामी होऊ लागतात. फलन झालं नाही की झाड फूल टाकून देतं. रात्री गारवा असेल तर दिवसाचं ऊन टोमॅटो बराच सोसतो. रात्रीही उकडत असेल, तर मात्र वाण जपूनच निवडावं लागतं.

माझं मत विचाराल तर आधी चेरी टोमॅटो लावा. सनगोल्ड, स्वीट १०० अशी बारीक फळांची वाणं उकाड्यात मोठ्या फळांच्या वाणांपेक्षा जास्त दिवस धरत राहतात. एकेका घोसात फुलंच इतकी असतात की निम्मी गळाली तरी हाती काहीतरी लागतं. ब्रँडीवाइनसारखी मोठ्या, मांसल फळांची वाणं चवीला अप्रतिम, पण तयार व्हायला ८० दिवसांच्या वर घेतात. तोवर ऊन गाठतं. ती तुमच्या बागेत लावू नका.

मध्यम आकाराचं फळ हवं असेल तर हीटमास्टर, सोलर फायर किंवा पुसा सदाबहार बघा. ही उष्णतेत फळ धरण्यासाठी ओळखली जातात. मात्र याचा अर्थ चाळीस अंशांत धरतील असा नाही. इतरांपेक्षा थोडी जास्त उष्णता सोसतील, एवढंच. म्हणून बियाण्याच्या पाकिटावर फळ तयार व्हायला किती दिवस लिहिलेत तेही वाचा. ते बहुतेक वेळा रोप लावल्यापासून मोजलेले असतात. ६० ते ७० दिवसांचं, मर्यादित वाढीचं वाण घ्या आणि कडक ऊन सुरू होण्याआधी फळं धरून होतील अशा बेतानं लावा. पाला दाट असलेलं वाण निवडा, नाहीतर उघड्या फळांवर उन्हाचे पांढरट चट्टे पडतात. तुमच्याकडे पांढरी माशी असेल तर पानं आकसवणाऱ्या विषाणूला दाद न देणारं वाण शोधा.

आणखी एक. ३० अंशांच्या वर फळात लाल रंग नीट तयार होत नाही, ते पिवळट-नारिंगीच राहतं. त्यात वाणाचा दोष नसतो. रंग फिरायला लागला की तोडा आणि घरात सावलीत पिकू द्या.

आत्ताची रोपं उपटू नका. वर ३० ते ५० टक्के ऊन अडवणारं शेडनेट (सावलीची जाळी) बांधा, बुडाशी पालापाचोळ्याचं आच्छादन द्या, पाणी नेमानं घाला. वेलीसारखं वाढत राहणारं वाण असेल आणि झाडं निरोगी राहिली, तर रात्री गार होऊ लागल्यावर त्याच झाडांवर फळं धरतील.