जी.आय. जो खेळण्यांतले जुने सैनिक नव्या व्हॅम्प जीपमध्ये बसतील का? (नागपूर)

नाही, शोभणार नाहीत. तुमचे सैनिक पावणेचार इंची आहेत आणि जी.आय. जोच्याच ‘क्लासिफाइड’ या नव्या मालिकेतली व्हॅम्प सहा इंची बाहुल्यांसाठी बनवली आहे, त्यामुळे व्हॅम्पचा चालक असलेला जुना सैनिक ‘क्लच’ तिच्या सीटवर लहान पोरासारखा दिसतो. माझ्याकडे दोन्ही आहेत, शेजारी ठेवून पाहिल्या. आकार सोडला तर नवी गाडी 1982च्या मूळ व्हॅम्पशी इमान राखून आहे: हिरवा रंग, मागे फिरणारी जोडतोफ, लॅम्बोर्गिनी चीता या खऱ्या लष्करी गाडीची ती बसकी ठेवण. बारकावे मात्र नवीत कितीतरी जास्त. जुन्या सैनिकांसाठी मूळ व्हॅम्प किंवा तिची 1984ची दुसरी आवृत्ती मार्क टू शोधा. मार्क टूवर तोफेऐवजी क्षेपणास्त्रं आहेत. तिचंच वाघपट्ट्यांचं रूप 1988चं टायगर स्टिंग, मला तिन्हींत तेच सर्वांत देखणं वाटतं. जुनी घेताना तोफ, स्टिअरिंग आणि मागचे इंधनाचे डबे आहेत का, हे आधी बघा. एक मात्र आहे, जुन्या सैनिकांच्या कमरेतलं रबरी कडं नागपूरच्या मे महिन्यात माळ्यावर ठेवलं तर तडकतं. सीटवर वाकवण्याआधी ते बदलून घ्या.