अप्लाय मारायच्या आधी शेवटची ओळ वाचा

प्रश्न : मी ऐरोलीला एका कंपनीत इन्फ्रा टीमला, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्या टीमला आहे. सर्व्हर, डेटाबेस सगळं आम्ही टेराफॉर्मवर आणलंय, म्हणजे काय हवं ते कोडमध्ये लिहायचं आणि ते टूल क्लाउडवर तसं उभं करतं. परवा कोड जरा नीट करावा म्हणून डेटाबेसच्या ब्लॉकचं (कोडमधल्या त्याच्या भागाचं) नुसतं नाव बदललं, काय काय बदलणार ते आधी दाखवणारा प्लॅन घाईत बघितला, अप्लाय मारलं म्हणजे ते बदल खरोखर करायला लावले आणि टेस्टिंगचा डेटाबेसच उडाला. आता सर म्हणतायत ऑटोमेशन बंद, सगळं हाताने करा. त्यांना काय सांगू? – एक वाचक, ठाणे

उत्तर : टेस्टिंगवरच निभावलं हे बरं झालं. तुम्ही नाव बदललंत पण टेराफॉर्मला ते कळत नाही, त्याच्या लेखी जुनी वस्तू कोडमधून गेली आणि एक नवीन आली, म्हणून तो जुनी पाडतो नि नवी बांधतो. प्लॅनच्या शेवटच्या ओळीत ते लिहिलेलं असतंच, 'वन टू अॅड, झीरो टू चेंज, वन टू डिस्ट्रॉय', म्हणजे एक नवी येणार, बदल कशातच नाही, एक नष्ट होणार. नुसतं नाव बदलताना तिथे डिस्ट्रॉय दिसला तर हात काढा. टेराफॉर्मच्या १.१ व्हर्जनपासून जुनं नाव-नवं नाव सांगणारा मूव्हड ब्लॉक आहे, तो लिहिला की जुनी वस्तू नव्या नावाने तशीच राहते.

बरेच जण ब्लॉकमध्ये 'प्रिव्हेंट डिस्ट्रॉय' ही नष्ट करायला मनाई करणारी ओळ लिहून निश्चिंत होतात, पण तुमच्या केसमध्ये त्याने काहीच अडवलं नसतं, कारण जुन्या नावाचा ब्लॉकच कोडमधून गेला की ती ओळही त्याच्याबरोबर जाते! म्हणून क्लाउडच्या बाजूचं डिलीशन प्रोटेक्शन, म्हणजे डेटाबेस डिलीटच होऊ न देणारं सेटिंग, चालू ठेवा. आणि गिटमध्ये, म्हणजे कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या टूलमध्ये, मागे जाऊन परत अप्लाय केलं तर डेटाबेस येतो पण रिकामा, डेटा येतो तो बॅकअपमधूनच.

सरांचं म्हणणं मला पटत नाही, हाताने केलं तरी चुका होतातच. २८ फेब्रुवारी २०१७ ला अॅमेझॉनच्या एस-थ्री या फाइल साठवायच्या क्लाउड सेवेत कमांड माणसानेच टाइप केली होती, थोडे सर्व्हर काढायचे होते, इनपुट चुकला आणि भलतेच जास्त गेले, काही तास अमेरिकेतल्या कितीतरी साइट्स बंद. त्यांनी नंतर ते टूल फेकून नाही दिलं, ते सर्व्हर हळूहळू काढेल आणि ठरलेल्या मर्यादेखाली जाऊच देणार नाही असं केलं. तुम्हालाही हेच करायचंय, अॅन्सिबल (सर्व्हरवरचे बदल आपोआप करणारं टूल) वापरत असाल तर 'सिरियल' हे सेटिंग एकवर ठेवा, म्हणजे ते एका वेळी एकाच सर्व्हरवर चालेल.

सरांकडे जायच्या आधी एक करा. टेस्टिंगचा डेटाबेस बॅकअपमधून स्वतः उभा करा, टेराफॉर्म बंद ठेवून, आणि किती मिनिटं लागली, कुठे अडलात, कुठला पासवर्ड सापडला नाही ते सगळं लिहून काढा. तो कागद घेऊनच त्यांच्यासमोर बसा.