कोंबड्यांची पाठ उघडी पडलीय, कुठलं औषध द्यावं?

तुम्ही लिहिलंय की घरी ८ गावठी कोंबड्या आणि २ कोंबडे आहेत, त्यातला एक गिरिराज या जड, सुधारित जातीचा. श्रावणापासून चार-पाच जणींच्या पाठीची पिसं गेलीत, मान-डोकं ठीक आहे, अंडी जवळजवळ थांबलीत आणि दुकानातून आणलेल्या टॉनिकनं काही फरक नाही.

इतक्यात दुसरं काही आणू नका. आधी खुराड्यात पडलेली दहा-बारा पिसं गोळा करा आणि उघड्या पाठीची एक कोंबडी मांडीवर घेऊन उजेडात बघा. पीस मुळासकट गळलंय की मध्येच तुटलंय, त्यातच निम्मं उत्तर आहे.

पीस अख्खं असेल आणि कातडीतून काट्यासारखे नवे कोंब वर येत असतील, तर ती कोंबडी पिसं बदलतेय. वर्षाच्या वरच्या कोंबड्या दिवस लहान व्हायला लागले की जुनी पिसं टाकतात. आपल्याकडे जूनमधला १३ तासांचा दिवस डिसेंबरात ११ तासांवर येतो, म्हणून गणपती ते दिवाळी या दिवसांत अंगणात पिसंच पिसं दिसतात. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. ते घडवायचं तर अंडी थांबणार, दोन-तीन महिने धरून चाला. पण ही झड डोक्या-मानेकडून सुरू होऊन खाली सरकते. तुमच्याकडे मान शाबूत आणि पाठ उघडी, हे त्यात बसत नाही.

माझा संशय त्या दोन नरांवर आहे, त्यातही गिरिराजवर. गावठी कोंबडीच्या मानानं तो फारच जड. वर चढताना नखं पाठीत रुततात, चोचीनं मानेमागचं पीस धरतो. तसं असेल तर उघड्या जागेवर दाढीच्या खुंटांसारखी तुटकी खोडं हाताला लागतील. ८ ते १० कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. तुमच्याकडे दोन आहेत, आणि कोंबड्याच्या आवडत्या ठरलेल्या असतात. उरलेल्या तिघी-चौघी जशाच्या तशा का, याचं कारण बहुधा हेच. गिरिराजला वेगळा बांधा. (गटारीला तो कसा वाचला, हेच नवल. आता नवरात्र उलटेपर्यंत तरी त्याला अभय आहे.) मात्र लगेच पिसांची वाट बघू नका. मुळासकट उपटलेलं पीस काही आठवड्यांत परत येतं, पण तुटकं खोड कातडीत आहे तोवर तिथं नवं उगवत नाही, ते पुढच्या बदलात गळावं लागतं. नवीन जखमा होत नाहीत ना, एवढंच सध्या बघायचं.

पण कोंबड्यामुळे अंडी थांबत नाहीत. म्हणून एक गोष्ट रात्री करा, आणि इथं मी स्वतः कशी फसले ते सांगते.

आमचं घर मालवणजवळ. एका पावसाळ्यात आमच्या कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात जाईनात, फणसावर जाऊन बसायच्या. मुंगूस येत असेल म्हणून मी जाळी बदलली, दार बदललं. पिसं विस्कटलेली, तुरे फिके, एकमेकींना टोचणं चालू. दिवसा खुराडं दोनदा उपसून झाडलं, एक किडा सापडला नाही. शेजारच्या काकी म्हणाल्या, "अगो, दिसाचा काय दिसतला? राती बॅटरी घेवन बघ." रात्री दहाला बसायच्या बांबूखाली बॅटरी मारली, तर पेराच्या भेगेतून लाल ठिपके चालत होते, मोहरीच्या दाण्याहूनही लहान. पांढरं फडकं बांबूवरून फिरवलं, त्यावर रक्ताच्या रेघा उठल्या. हे किडे दिवसा भेगांत लपतात, रात्री कोंबडीवर चढून रक्त पितात आणि पहाटेआधी परत जातात. दमट उबेत ७ ते १० दिवसांत त्यांची नवी पिढी तयार होते. मी महिनाभर कोंबड्यांना औषध पाजत होते, आणि रोग बांबूत होता! शेवटी बांबू काढून जाळले, खुराड्याच्या फटी उकळत्या पाण्यानं धुतल्या, चुना मारला आणि आठवड्यानं सगळं परत केलं. एकदा करून भागत नाही.

उवा मात्र कोंबडीच्या अंगावरच राहतात, त्या दिवसाही सापडतात. शेपटीखाली, गुदाभोवतीची पिसं बाजूला करा. गव्हाळ रंगाचे किडे सैरावैरा पळतील, आणि पिसांच्या बुडाशी मिठाच्या खड्यांसारखे पांढरे गठ्ठे दिसतील, त्या लिखा. औषध लिखांना मारत नाही, म्हणून दहा-बारा दिवसांनी दुसरा हात द्यावाच लागतो.

आपल्याकडे हे सगळं पावसातच का वाढतं? कोंबडी अंगावरचे किडे मातीत लोळून घालवते, आणि जूनपासून तिला कोरडी माती मिळतच नाही. पडवीत, वळचणीचं पाणी लागणार नाही अशा जागी, जुन्या घमेल्यात कोरडी लाल माती आणि चुलीची चाळलेली थंड राख मिसळून ठेवा. पहिल्याच दिवशी त्या घमेल्यावरून भांडणं होतील.

खाण्याचंही बघा. नुसता तांदूळ आणि उरलेला भात यावर पिसं येत नाहीत. तांदळात प्रथिनं ७-८ टक्के, अंड्यावरच्या कोंबडीला लागतात १६ च्या आसपास. ती कमी पडली की कोंबड्या एकमेकींची पिसं उपटून खायला लागतात. (अशा वेळी जिची पिसं सगळ्यात सुंदर, तीच बहुधा चोर असते.) बिनमिठाचा सुका जवळा, थोडी शेंगदाण्याची पेंड, आणि मिळालीच तर वारुळातली वाळवी द्या. खारवलेली सुकट नको, मीठ कोंबडीला सोसत नाही.

एखादीच्या फक्त छातीची पिसं गेली असतील आणि ती खोक्यातून उठायचं नाव घेत नसेल, तर ती खुडूक झालीय, म्हणजे अंडी उबवायला बसलीय, तिची काळजी सोडून द्या.

जुन्या घरांत माळ्यावर गमॅक्सिनची, म्हणजे बीएचसी या कीटकनाशकाची पुडी अजून सापडते आणि कोणीतरी हमखास ती चोळायला सांगतं. अजिबात लावू नका. त्या बीएचसीवर देशात १९९७ पासून बंदी आहे, आणि ते विष अंड्यात उतरतं. किडे सापडलेच तर पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन औषध घ्या आणि त्यानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, हे तिथंच विचारून घ्या. मान वाकडी होणं, हिरवट विष्ठा, धाप अशी लक्षणं दिसली तर ती मानमोडी (राणीखेत रोग) असू शकते. मग पिसं मोजत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

आज रात्री बॅटरी मारून बघा, आणि काय सापडलं ते इथंच खाली लिहा. सोबत तुटक्या पिसाचा जवळून काढलेला फोटो टाकलात तर गिरिराजचा निकालही लावून टाकू.