स्वसंरक्षण शिकल्याने आत्मविश्वास खरंच वाढतो, की नुसता भ्रम होतो?

तुमचा प्रश्न असा आहे: रात्री उशिरा ऑफिसमधून एकटीने परतताना धाकधूक होते, क्लास लावला तर ती कमी होईल, की चार डाव शिकून उगाच फुशारकी येईल? दोन्ही होऊ शकतं. कुठलं होईल, ते सराव कसा करून घेतात यावर आहे.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा आणि एलिझाबेथ ओझर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेमकं हेच तपासलं. त्यात स्त्रियांनी अंगभर पॅड बांधलेल्या 'हल्लेखोरा'वर पूर्ण ताकदीने प्रहार करण्याचा सराव केला. त्यानंतर प्रसंग आला तर आपण निभावून नेऊ, हा त्यांचा विश्वास वाढला आणि वावरातला मोकळेपणाही वाढला. यातला 'पूर्ण ताकदीने' हा भाग आपल्याकडचे बरेच क्लास गाळतात. समोरची मैत्रीण हसत हसत हात सोडून देते, सगळ्या टाळ्या वाजवतात आणि डाव जमला असं वाटतं.

मी शिकवताना सुरुवात आवाजापासून करतो. पाय खांद्याइतके फाकलेले, एक पाय किंचित मागे, दोन्ही तळवे उघडे आणि छातीच्या उंचीवर. जोडीदार पाच मीटरवरून चालत येतो. तो दोन हातांच्या अंतरावर आला की म्हणायचं, "तिथेच थांबा." प्रश्न नाही, 'प्लीज' नाही, कारणही द्यायचं नाही. सुरुवातीला बहुतेकींना हसू येतं, आवाज घशातून चिरका निघतो, वाक्याच्या शेवटी मान खाली जाते. आधी श्वास सोडून मग पोटातून बोललं की आवाज भरतो. पुढच्या टप्प्यात जोडीदार थांबत नाही, हुज्जत घालतो: "अहो, मी काय केलं?" त्यावर तेच वाक्य, तेवढ्याच आवाजात पुन्हा. हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण रोजच्या आयुष्यात सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. कारण एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) अहवालांनुसार बलात्काराच्या ९० टक्क्यांहून जास्त गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी माणसाला मारणं मनाला सोपं जातं. ऑफिसातल्या सरांचा खांद्यावरचा हात "हात काढा" म्हणून बाजूला करायला लावणं कठीण, आणि त्याचाही सराव करावाच लागतो.

आता मनगट सोडवणं. पकड कमकुवत असते ती अंगठा आणि बोटं जिथे मिळतात तिथे. आपल्या हाताची अरुंद कड त्या फटीकडे वळवायची, कोपर त्याच्या कोपराच्या दिशेने नेत एक पाऊल पुढे टाकायचं आणि हात झटक्यात फटीतून बाहेर काढायचा. चूक होते ती हात सरळ मागे ओढण्यात. तिथे जो बलवान तो जिंकतो. त्याने दोन्ही हातांनी एक मनगट धरलं असेल, तर मोकळा हात त्याच्या हातांच्या मधून घालून आपलीच मूठ धरायची आणि कंबर वळवत खांद्याकडे वर खेचायची. दहा वेळा सैल पकडीवर, दहा वेळा निम्म्या जोरावर, मग जोडीदाराने घट्ट धरून ओढत न्यायचं. या शेवटच्या प्रकारात निम्म्या वेळा हात सुटणार नाही. तो सुटला नाही तर नडगीवर लाथ, मग पुन्हा सोडवणं, हे तिथेच शिकायला मिळतं.

प्रहार मुठीने नको, तळव्याच्या टाचेने (मनगटाजवळच्या जाड भागाने), नाकावर किंवा हनुवटीखाली. सराव नसलेल्या मुठीत अंगठा आत राहतो आणि दुखावतो. बोटांमध्ये किल्ल्या धरण्याचा सल्ला सोडून द्या, त्या आपल्याच बोटांना लागतात. किक-पॅडवर ३० सेकंदांच्या तीन फेऱ्या, पूर्ण जोराने. पॅडचा दणका ऐकला की चेहरा बदलतो, आणि विसाव्या सेकंदाला दम संपतो तेव्हा पळणं हेच खरं उद्दिष्ट का, तेही कळतं.

भीतीने हात थरथरतात, नजर अरुंद होते, बोटांची नाजूक हालचाल जमत नाही. म्हणून बोटं मुरगळण्याचे वीस डाव निरुपयोगी. चार-पाच ढोबळ हालचाली पुरतात. जिना दोनदा पळत चढून धाप लागलेली असताना त्याच करून बघा. आणि क्षणभर गोठून जाणं ही शरीराची प्रतिक्रिया आहे, भित्रेपणा नव्हे.

शाळा-कॉलेजातली अर्ध्या दिवसाची शिबिरं ओळख करून देतात, त्यापलीकडे फारसं नाही. याउलट कॅनडातल्या तीन विद्यापीठांत ८९३ विद्यार्थिनींवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. १२ तासांचं प्रशिक्षण मिळालेल्या गटात वर्षभरात बलात्काराचं प्रमाण ५.२ टक्के होतं, नुसती माहितीपत्रकं मिळालेल्या गटात ९.८ टक्के. त्या प्रशिक्षणात ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका ओळखणं आणि ठाम नकार देणं यावर बराच भर होता.

फुशारकीची भीती खरी आहे ती चाकूच्या बाबतीत. चाकू हिसकावण्याचे डाव शिकवणारा क्लास मला धोकादायक वाटतो. पर्स मागितली तर ती लांब फेका आणि उलट दिशेने पळा.

कायद्याची धास्ती अनेकींना असते. भारतीय न्याय संहितेतली ३४ ते ४४ ही कलमं खाजगी बचावाचा हक्क देतात. मुख्य अट ही, की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. तो खाली पडल्यावर मारत राहणं त्यात बसत नाही. सुटलात की पळा आणि ११२ लावा.

क्लास लावण्याआधी एक बॅच बसून बघा. मॅट आणि पॅड आहेत का, वजनाने जड जोडीदाराशी सराव देतात का, हात लावण्याआधी प्रशिक्षक विचारतो का. आठवड्यातून दोनदा, तीन महिने द्या. त्या काळात एकदाही कुणी तुम्हाला घट्ट धरून "आता सुटून दाखव" म्हटलं नाही, तर क्लास बदला.