नवऱ्याने गळा आवळला, पण बैठकीत समेट झाला. बहिणीला परत सासरी पाठवावं का?

नका पाठवू. तुमचं माहेर महाराष्ट्रातल्या चंदगडचं, तिचं सासर कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात, आणि नवऱ्याने देवळात सगळ्यांसमोर शपथ घेतली, हे वाचलं. पण थोबाडीत मारणं आणि गळा आवळणं एका पारड्यात घालू नका. अमेरिकेतल्या जॅकलिन कॅम्पबेल यांनी नवऱ्यांकडून होणाऱ्या खुनांचा अभ्यास करून धोका ओळखायची प्रश्नावली तयार केली, तिच्यात ‘त्याने कधी गळा आवळला का’ हा प्रश्न मुद्दाम आहे. आधी तिला डॉक्टरांना दाखवा. गळ्यावर वळ नसला तरी आत इजा असू शकते.

बैठकीत कुणीतरी ‘घरोघरी मातीच्या चुली’ म्हणालं असेलच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातल्या विवाहित बायकांपैकी ४४ टक्के जणींनी नवऱ्याचा जाच सोसल्याचं सांगितलंय. सगळीकडे आहे म्हणून तो सोसायचा?

मी बेळगावजवळच्या एका गावात अंगणवाडी चालवायचे. आमच्या गल्लीतल्या एका पोरीला असंच साडी-चोळी करून परत धाडलं. कागदावर सह्या झाल्या, चहा झाला, माणसं पांगली. पुढे पोषण आहार न्यायला तिच्याऐवजी सासू येऊ लागली. माझ्या लक्षात आलं होतं, पण मी घरी गेले नाही. दोन महिन्यांत ती गेली. लग्नाला सात वर्षं झाली नव्हती, म्हणून तहसीलदार स्वतः पंचनाम्याला आले. जिवंत असताना तिच्या दारात कुणीच आलं नव्हतं.

आता कायद्याचं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ती सध्या जिथे राहते तिथल्या, म्हणजे माहेरच्या हद्दीतल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, आणि तो आदेश देशभर लागू होतो. सीमेवरच्या आपल्या बायकांना हे कुणी सांगत नाही. त्या दोन राज्यांमध्ये हेलपाटे घालत बसतात. पोलिसांनी ‘आमची हद्द नाही’ म्हटलं तरी गंभीर गुन्ह्याची तक्रार त्यांना नोंदवून घ्यावीच लागते. वकील तालुक्याच्या विधी सेवा समितीकडून फुकट मिळतो, बाईचं उत्पन्न बघत नाहीत. या कायद्याखाली बाईला मदत करायला संरक्षण अधिकारी नेमलेले असतात; खानापुरात ते म्हणजे सीडीपीओ, बाल विकास प्रकल्प अधिकारी. अर्जात पोलीस संरक्षण आणि संरक्षण अधिकाऱ्यांची घरभेट लेखी मागा. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि कन्नड कागद कुणी वाचून अर्थ सांगितल्याशिवाय तिला सही करू देऊ नका.

ती माहेरी राहिली म्हणून निर्धास्त होऊ नका. बाई घर सोडते तेव्हाचे दिवस फार धोक्याचे असतात. तो दारात आला तर पोलिसांना ११२ वर फोन करा, सल्ला आणि निवाऱ्यासाठी महिला हेल्पलाइनला १८१ वर.

एवढं करूनही, मुलांपायी ती स्वतःहून परत जायचं म्हणाली, तर तिच्यावर रागावून संबंध तोडू नका. दर आठवड्याला तुमच्यापैकी एकाने जायचं, हे तिच्या सासरी सांगूनच ठरवा. बेळगावात गाडी बदलावी लागली तरी जा. फोनवर ‘बरी आहे’ म्हणाली तरी जा, आणि सासू बाजूला नसताना तिच्याशी बोला.