मुंबईत घरी पाळलेला माझा चार इंची मेक्सिकन रेड-नी टॅरंटुला (मोठा केसाळ कोळी) महिनाभर खात नव्हता. काल एक रातकिडा खायला सोडला, पण आज सकाळपासून हा पाय पसरून उताणा पडलाय. मेला का? अंगावर पाणी मारू का?

पाणी मारू नका, हात लावू नका, डबाही हलवू नका. एकच काम लगेच करा: काल सोडलेला रातकिडा अजून आत असेल तर लांब चिमट्याने अलगद बाहेर काढा. कात टाकताना कोळ्याचं अंग लोण्यासारखं मऊ असतं आणि भुकेला रातकिडा ते सरळ कुरतडतो.

उताणा आणि पाय पसरलेले, म्हणजे तो कात टाकतोय. मरणारा टॅरंटुला बहुधा उताणा होत नाही. बसल्या जागीच त्याचे पाय मुठीसारखे पोटाखाली वळतात. महिनाभराचा उपास, पोटावरचं टक्कल (केस झडलेला भाग) काळं पडणं, खाली अंथरलेली जाळ्याची चादर ही सगळी कातीचीच लक्षणं. टक्कल काळं दिसतं कारण जुन्या कातडीखाली नवे केस आलेले असतात.

पोटातलं रक्त तो पुढच्या भागात ढकलतो. त्या दाबाने पाठीवरची ढाल कडेने उकलते आणि डब्याच्या झाकणासारखी उचलली जाते. मग हातमोज्यातून बोटं काढावीत तसे आठही पाय हळूहळू बाहेर ओढले जातात. लहान पिल्लं अर्ध्या तासात मोकळी होतात. तुमच्या चार इंची कोळ्याला काही तास लागू शकतात. मध्ये बराच वेळ तो निपचित पडतो, तेव्हा घाबरू नका.

पाणी मारल्याने कात सुटते हा गैरसमज आहे. लागणारं पाणी त्याने आधीच पिऊन अंगात साठवलेलं असतं, म्हणून वाटी कायम भरलेली हवी, एवढंच. मुंबईच्या पावसाळ्यात हवा तशीच ओलीकच्च असते. त्यात बंद डब्यात फवारा मारला की कोकोपीटला, म्हणजे खाली पसरलेल्या नारळाच्या भुशाला, बुरशी येते, माइट नावाचे बारीक जीव होतात. रेड-नीला कोरडं कोकोपीट आणि डब्याच्या बाजूंना भरपूर भोकं लागतात. कोकोपीटपासून झाकणापर्यंतची उंचीही त्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त नको, कारण वरून पडला तर पोट फुटतं.

मला या शहरात खरी भीती वाटते ती विषाची. महापालिकेची धूरफवारणी, सोसायटीचं पेस्ट कंट्रोल, भिंतीतलं डासांचं मशीन: किडे मारणारं औषध कोळ्यालाही मारतं. त्या खोलीत मशीन लावूच नका. धुराची गाडी आली की खिडक्या बंद करा आणि दाराच्या फटीत ओला टॉवेल खोचा. घरातलं झुरळ खायला घालू नका, त्याने आधीच झुरळं मारायचं विषारी जेल खाल्लेलं असू शकतं.

कात सुटल्यावर त्याचे सुळे पांढरे असतात, मग लाल होतात, मग काळे. काळे होईपर्यंत खाणं नाही. तुमच्या कोळ्यासाठी दहा-बारा दिवस धरा. दुसऱ्या दिवशीही एखादा पाय अडकलेला दिसला तर मऊ ब्रशने कोमट पाण्याचा थेंब फक्त तिथेच लावा. ओढू नका. पाय तुटलाच तर पुढच्या एक-दोन कातींत परत येतो.

कात मात्र फेकू नका, तिच्यावरून नर की मादी ते कळतं. ओली असतानाच, किंवा सुकली असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून, पोटाचा भाग बशीत आतली बाजू वर करून अलगद पसरा. चार पांढरे ठिपके दिसतील, ती फुप्फुसांची अस्तरं. पुढच्या दोन ठिपक्यांच्या मधल्या चिरेवर भिंगातून पाहा. तिथे पिशवीसारखी उभी घडी असेल तर मादी, नसेल तर बहुतेक नर. कात फाटली असेल तर अंदाज बांधू नका, पुढच्या कातीची वाट पाहा.